चिमूटभर गेरू

अमूल्याने लाकडी पट्टी कॉम्प्युटरच्या पडद्याला टेकवली आणि पेन्सिलीच्या टोकाने घरं मोजायला लागली. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी. बरोबर. खालची ओळ. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी. तीही बरोबर.

"पट्टीनं मोजतेस?" शिवप्रसाद मागे येऊन उभा राहिला होता. तो या ऑफिसचा प्रमुख. घरची भाषा कन्नड, आणि ऑफिसात सगळ्यांशी तीच. "मोजायचा प्रोग्राम आपणच लिहिलाय, अल्वा? हो ना?"

"प्रोग्राम म्हणतो सगळं बरोबर आहे, सर. यंत्र म्हणतं चूक आहे. म्हटलं, तिसऱ्या कुणाला तरी विचारून बघावं."

शिवप्रसाद हसला नाही. एरवी तो हसला असता. म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं हे आठ जणांचं ऑफिस, आणि आज आठही जणांच्या चेहऱ्यावर खालच्या मजल्यावर बसलेल्या माणसांसारखी कळा होती.

हे यंत्र होतं बंगळुरात. कारागीर मंडळाच्या इमारतीत, अमूल्या जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून ठाण मांडून बसलेला मेनफ्रेम. तो बदलायची चर्चा दर दोन वर्षांनी होई, चहा होई, इतिवृत्त लिहिलं जाई, आणि यंत्र होतं तिथेच राही. राज्यातल्या कारागिरांची यादी त्याच्या पोटात होती. यंदा मंडळाच्या पाहणीवाल्यांनी गावोगाव फिरून टॅबवर नव्या नोंदी घेतल्या. टॅबचा कारभार मोठा दिलदार. नाव लांबलं की रकाना लांबतो, पत्ता वाढला की जागा वाढते. जुन्या यंत्राला असले लाड ठाऊक नाहीत. तिथे एक माणूस म्हणजे ऐंशी घरांचं एक कार्ड. सहा घरं क्रमांकाची, तीस नावाची, पुढची धंद्याची आणि गावाची. नाव चार अक्षरांचं असो, तरी तीस घरं त्याचीच. उरलेली कोरी सोडायची. आणि हे सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, यंत्राच्या स्वतःच्या जुन्या सांकेतिक भाषेत. नव्या नोंदी त्या जुन्या साच्यात बसवून द्यायचं काम अमूल्याच्या ऑफिसने घेतलं होतं. अकरा हजार चारशे आठ नोंदी. यादी आज पाच वाजता बंद होणार होती, आणि सकाळी अकराच्या फेरीत यंत्राने सगळी फाइल उचलून परत फेकली होती.

कुठली नोंद चुकली, ते यंत्र सांगत नसे. 'फाइल नाकारली' एवढंच. दिवसाला दोन फेऱ्या; दुसरी चार वाजता. ती चुकली की पुढची यादी थेट पाच वर्षांनी.

एक नोंद अमूल्याच्या घरची होती. तिचे अप्पा, मोहनराव. घराणं रंगाऱ्यांचं, मंडी मोहल्ल्यातल्या घराच्या मागच्या अंगणात अप्पांनी तीस वर्षं हाताने कापड छापलं. अमूल्या सातवीत असताना शेवटची रंगाची हंडी पालथी घातली गेली. मग विजयनगरचं हे छोटं घर आणि अप्पांची कापडाच्या दुकानातली नोकरी. दिवसभर उभं राहून दुसऱ्यांनी छापलेलं कापड मोजून द्यायचं. त्याबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत, आणि तेच अमूल्याला सलत आलं होतं.

आता मंडळ शहरात हस्तकला केंद्र काढत होतं. यादीत ज्यांचं नाव मुख्य कारागीर म्हणून लागेल, त्यांनाच तिथे शिकवायला बोलावणार होते. दहा दिवसांपूर्वी अप्पांनी ट्रंकेतून लाकडी ठसे काढले, एकेकाला तेल चोळलं, आणि उन्हात ओळीने मांडले. अप्पा आज एकाहत्तर वर्षांचे. पाच वर्षांनी काय असेल, तो विचार अमूल्याने करायचाच नाही असं ठरवलं होतं. त्याच आठवड्यात ते बाजारात गेले आणि आईसाठी दोन सुती साड्या घेऊन आले. आई त्यांच्यावर केवढी उखडली. "शिकवायला हे जाणार आणि साड्या मला! दुकानदारानं गळ्यात मारल्या असतील." साड्या कपाटात गेल्या.

इतकं असूनही अमूल्याने घरची नोंद अजून उघडून बघितली नव्हती. हंडीतलं कापड मध्येच उचलून बघायचं नाही, डाग पडतो, ही त्यांच्या घरची जुनी शिस्त. काम पुरं झाल्यावर बघायचं. कॉम्प्युटरवर काम करते म्हणून रंगाऱ्याची मुलगी बदलते थोडीच.

एक वाजता तिने डबा उघडला. दहीभात, वर डाळिंबाचे दाणे. दोन घास खाल्ले तोच फोन वाजला. आई.

"झालं काय ग?"

"नाही, आई. अडलंय."

"अय्यो! इकडे तुझे अप्पा सकाळपासून दारात जाऊन उभे राहतायत, पोस्टमन यायचा असल्यासारखे. तीनदा कॉफी झाली. कुठं अडलंय?"

"तेच तर दिसत नाही. सगळ्या कोऱ्या जागा सारख्याच दिसतात. त्यातल्या कुठल्या तरी खरोखरच्या कोऱ्या नाहीत, एवढं कळतंय."

"दिसत नाही तर दिसेल असं कायतरी कर की." आईच्या आवाजात भाजी निवडतानाचा सहजपणा होता. "होगली, जाऊ दे, आधी जेव. उपाशीपोटी डोळे काम करत नाहीत."

फोन ठेवून अमूल्याने तिसरा घास उचलला आणि तो तसाच हातात राहिला.

मंडी मोहल्ल्याचं अंगण तिच्या डोळ्यांपुढे आलं. पांढऱ्या कापडावर ओणवे झालेले अप्पा, हातात ठसा, आणि ठशाखाली उमटणारी तांबूस फुलं. खरं तर ठशाला लावायच्या त्या खळीला रंगच नसायचा. तुरटी आणि चिंचोक्याची खळ. पांढऱ्यावर पांढरी, छापली तरी कुठे छापली ते कळायचं नाही. म्हणून तिच्यात चिमूटभर गेरू पडायचा. गेरू फक्त डोळ्यांसाठी. कापड वाळलं की पहाटेच्या बसने टी. नरसीपूरला नदीवर न्यायचं आणि वाहत्या पाण्यात धुवायचं. गेरू निघून जायचा, तुरटी राहायची. मग मंजिष्ठेच्या हंडीत कापड उकळलं, की जिथे तुरटी तिथेच लाल फुलं उमटायची.

"सर!" अमूल्या डबा तसाच सोडून उठली. "गेरू घालूया."

"काय घालूया?"

"मूळ फाइलला हात लावायचा नाही. एक प्रत काढायची, फक्त बघायला. त्यात जी जागा खरंच कोरी आहे तिला फिकट गुलाबी रंग द्यायचा. जी कोरी दिसते पण आत काहीतरी वेगळंच आहे, तिला गडद तांबडा. आमच्या अप्पांची युक्ती आहे. काम झालं की धुऊन टाकायचं."

शिवप्रसादने तिच्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसला, म्हणजे होकारच. हे आधी कुणाला सुचलं नव्हतं. पहिल्या शंभर नोंदी त्यांनी अक्षर न् अक्षर सोलून बघितल्या होत्या आणि त्या शंभरही निर्मळ निघाल्या होत्या. उरलेल्या अकरा हजारांना तेवढा वेळ कोण देणार?

अडीच वाजता रंगवलेली प्रत पडद्यावर आली. गुलाबी, गुलाबी, सगळं गुलाबी. अमूल्या खाली सरकत राहिली. दोनशे ओळी गेल्या, तीनशे गेल्या. आणि मग तीनशे एकोणिसाव्या ओळीत, नावाच्या रकान्यात अगदी मधोमध, तांबडा ठिपका.

"नोडी, सर! हे बघा!"

दोन नावांच्या मध्ये ठिपका. डोळ्यांना ती नाव आणि आडनाव यांच्यातली मोकळी जागाच वाटत होती. पुढे आणखी एक. आणखी एक. मोजले तेव्हा तीनशे अठरा ठिपके झाले, आणि सगळे नावाच्या रकान्यात.

टॅबवरची मूळ नोंद उघडल्यावर सगळा उलगडा झाला. फॉर्मवर कारागिराच्या नावाला रकाना एकच होता. पण घरं तशी नसतात ना! एकाच मागावर नवरा-बायको, एकाच चाकावर दोघं भाऊ. लोक म्हणाले असणार, दोघांचं घाला. पाहणीवाले बिचारे भले. त्यांनी एक नाव लिहिलं, पुढच्या ओळीचं बटण दाबलं, आणि खाली दुसरं लिहिलं. ती पुढच्या ओळीची खूण नव्या पद्धतीत कुणाच्या अध्यात ना मध्यात. जुन्या यंत्राला मात्र तिचा अर्थ एकच कळतो, की कार्ड संपलं. मग उरलेलं अर्धं कार्ड त्याला नवीन माणूस वाटतं, आणि तिथून पुढचे सगळे एकमेकांच्या घरात शिरतात.

शिवप्रसादने टेबलावर थाप मारली. "सापडलं! आता सोपं आहे. खूण दिसली की तिथे कापायचं. पहिलं नाव ठेव, खालचं उडव. एका ओळीचं काम. पाच मिनिटं."

अमूल्याने बोटं कीबोर्डवर ठेवली. ठेवली आणि उचलली.

"सर, खालची नावं बघा."

"बघितली."

"वाचा की. कृष्णवेणी. गौरम्मा. पुन्हा कृष्णवेणी, ही वरुणा गावची. बहुतेक सगळ्या बायका आहेत, सर. घरात दोघं राबतात म्हणून त्यांनी दोन नावं सांगितली. आपण उडवली तर त्या यादीत कधीच नव्हत्या असं होईल."

"आणि चारची फेरी चुकली तर अकरा हजार लोक यादीत नसतील, अमूल्या." त्याचं खोटं नव्हतं. त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. दोन पन्नास.

"दहा मिनिटं द्या. एक फोन करते. काही निघालं नाही तर कापते."

फोन बंगळुराला, नरसिंह सरांना. ते यंत्राचे राखणदार. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मंडळाने त्यांना सोडलं नव्हतं, कारण त्यांच्याशिवाय यंत्र कुणाचं ऐकत नसे. सकाळी त्यांनीच 'नाकारली' हे सांगून खट्कन फोन ठेवला होता.

"काय अम्मा, पुन्हा काय?"

अमूल्याने सगळं सांगितलं. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला.

"ऐंशीव्या घरात तुम्ही काय घालता?"

"काही नाही, सर. कोरं. तुमच्या कागदात 'राखीव' लिहिलंय."

"राखीव कशासाठी, ते विचारलंत कधी?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "एका कामाला दोघं असतील तर पहिल्या कार्डाच्या ऐंशीव्या घरात एकचा आकडा. त्याच्या मागोमाग दुसऱ्या माणसाचं स्वतंत्र कार्ड, आणि त्याच्या ऐंशीव्या घरात दोन. यंत्र दोघांना जोडून घेतं. वरचं नाव मुख्य कारागीर, खालचं जोड कारागीर. मी लिहिलंय ते, बावीस वर्षांचा होतो तेव्हा. सगळे हसले होते मला, एकाचं पोट भरायचे वांधे आणि हा जोडीनं कार्ड देतोय म्हणून. तेव्हापासून आजतागायत एकानंही वापरलं नाही."

"आज तीनशे अठरा जण वापरतील, सर."

मग नरसिंह सर म्हणाले, "चारला पाच मिनिटं कमी असताना फाइल पोचली पाहिजे. बेग, बेग! लवकर!" या खेपेला त्यांनी फोन अलगद ठेवला.

पुढचा तास अमूल्याला नंतर नीट आठवेना. खूण सापडली की नाव दोन भागांत तोडायचं, दोन कार्डं करायची, दोन्हींत गाव आणि धंदा भरायचा, ऐंशीवं घर भरायचं. एकदा आकडे उलटे पडले. एकदा दुसऱ्या कार्डाला क्रमांकच मिळाला नाही. शिवप्रसाद कापायचं विसरून तिच्या शेजारी बसून ओळी वाचत होता, चूक दिसली की 'थांब, थांब' म्हणून ओरडत होता. शेवटी तिने पुन्हा एकदा गेरू घालून बघितला. वरपासून खालपर्यंत गुलाबी. एकही तांबडा ठिपका नाही. मग ती प्रत पुसून टाकली आणि तीन त्रेपन्नला फाइल पाठवली.

चार वाजले. सव्वाचार. कुणी कॉफी प्यायला उठेना. खालून दातांच्या यंत्राचा आवाज येत होता आणि आज पहिल्यांदाच तो कुणाला खटकत नव्हता.

चार सदतीसला नरसिंह सरांचा फोन आला. शिवप्रसादने स्पीकर लावला.

"लिहून घ्या," सर म्हणाले. "आलेली कार्डं अकरा हजार सातशे सव्वीस. स्वीकारलेली अकरा हजार सातशे सव्वीस. नाकारलेली शून्य. अम्मा, माझं ऐंशीवं घर चालतं!"

मग जो कल्ला झाला, तो खाली खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या पेशंटलाही ऐकू गेला असणार. कुणी टेबलं बडवली, कुणी शिट्टी घातली. शिवप्रसाद प्रत्येकाला सांगत सुटला, "गेरू! हिच्या वडिलांची युक्ती! ठसे मारायचे ते कापडावर!" अमूल्याला एकदम रडू फुटेलसं वाटलं आणि ती खो खो हसत सुटली. तीनशे अठरा माणसं जास्तीची, आणि अप्पा यादीत! आता हंडीतलं कापड बघायला हरकत नव्हती.

चढलेली यादी आली होती. तिने म्हैसूरचं पान काढलं, रंगाऱ्यांपाशी आली, आणि नाव दिसलं. मोहनराव. मग ऐंशीव्या घराकडे नजर गेली आणि तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

दोन.

वरचं कार्ड भानुमतीचं. भानुमती म्हणजे आई. मुख्य कारागीर, रंगकाम आणि छपाई, ऐंशीव्या घरात एक.

तिने घाईघाईने बाकीच्या जोड्या तपासल्या. कुठे काही उलटं झालं नव्हतं. टॅबवरची मूळ नोंद काढली. तिथेही तेच, वर भानुमती, खाली मोहनराव. म्हणजे पाहणीवाल्याने घोळ घातला होता. घड्याळात पाच वाजून गेले होते आणि बंद झालेली यादी कुणालाच उघडता येत नाही. तिने घरी फोन लावला.

पहिल्या घंटेलाच उचलला गेला. "हं, बोल," अप्पा म्हणाले.

"अप्पा, यादी चढली. पण तुमच्या नोंदीत घोळ झालाय. त्या माणसानं आईचं नाव वर घातलंय. शिकवायला वरच्या नावालाच बोलावतील. मी आधी बघायला हवं होतं, मी..."

"घोळ कसला ग?" अप्पांचा आवाज अगदी नेहमीचा होता. "त्यानं तीनदा विचारलं. मी तीनदा तेच सांगितलं."

"पण अप्पा, ठसे..."

"ठसा काय, कुणीपण ठोकतंय. दोन महिन्यांत हात बसतो. खळ कोण घोटायचं? हंडी कधी उतरवायची ते कोण सांगायचं? गेरू किती घालायचा ते मला आजपण येत नाही बघ. मी विचारायचो, ती घालायची. अष्टे, एवढंच. आपल्या घराचं नाव झालं ते तिच्या रंगाचं झालं, आणि लोक मला रामराम करायचे. मी करून घ्यायचो." ते जरा थांबले. "ठसे जड आहेत. मी जाईन की तिच्यासंगं, उचलायला."

अमूल्याला दुपार आठवली. दुपारी दहीभात खाताना फोन कुणाचा आला होता? दिसत नाही तर दिसेल असं कर, हे कोण म्हणालं होतं? आणि सगळ्या ऑफिसला तिने काय सांगितलं होतं?

पलीकडे स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "कुणाचा फोन हो? अमूल्याचा? आलं का तुमचं नाव?"

"आलं की," अप्पा म्हणाले. "तुझ्या खाली."

भांड्यांचा आवाज थांबला.

"खाली म्हणजे?"

"म्हणजे त्या दोन साड्या कपाटातनं काढ आता. केंद्रावर शिकवायला तुला जायचंय."

मग आईचा आवाज फोनच्या अगदी जवळ आला, तोही बावरलेला. अमूल्याने तो तसा कधी ऐकला नव्हता. "अय्यो, हे काय करून बसलात तुम्ही? अमूल्या, सांग ग यांना. मला कुठं शिकवायला येतंय कुणाला?"

अमूल्याने फोन कानापासून जरा दूर धरला, आईला स्पष्ट ऐकू जाईल इतका, आणि खोलीच्या त्या टोकाला कॉफी वाटत असलेल्या शिवप्रसादला मोठ्याने हाक मारली.

"सर! मघाशी मी नाव चुकीचं सांगितलं. गेरू आमच्या आईचा."